खालचा कॉलम कुणाचा, वरची गच्ची कुणाची?

प्रश्न : सासऱ्यांच्या जुन्या बंगल्याचे चार फ्लॅट केले, तेव्हा अपार्टमेंटचं घोषणापत्र नोंदवलं होतं. आता पार्किंगमधल्या दोन कॉलमचं काँक्रीट निखळून सळ्या दिसतात, गच्चीही गळते. खालचे म्हणतात, गच्ची वरच्यांनी करावी. वरचे म्हणतात, पार्किंग आम्ही वापरत नाही. धाकटे दीर पुण्याला असतात. त्यांचं म्हणणं, फ्लॅट बंद आहे, मी का भरू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, त्या कॉलमवर वरच्यांची स्वयंपाकघरं उभी आहेत. आणि गच्चीतून मुरलेलं पाणी स्लॅबमधून, भिंतींतून खालपर्यंत उतरतं. म्हणून महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, 1970 यात पाया, कॉलम, बीम, मुख्य भिंती आणि छप्पर हे सगळं सामाईक धरलंय. सामाईक खर्च घोषणापत्रात प्रत्येक फ्लॅटपुढे लिहिलेल्या अविभक्त (म्हणजे सामाईक मालकीतल्या, न तोडलेल्या) हिश्श्याच्या टक्क्यानं वाटायचा. समजा, 30, 30, 20, 20 असे हिस्से आहेत आणि काम सहा लाखांचं आहे; तर मोठ्या फ्लॅटना प्रत्येकी 1,80,000 आणि लहानांना 1,20,000. दिरांचा फ्लॅट बंद असला तरी सुटका नाही. वापर सोडला म्हणून वर्गणी माफ होत नाही, हे कायद्यातच आहे.

एक गोष्ट मात्र वेगळी काढा. कॉलमलगतची ओल एखाद्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असेल, तर त्या बाथरूमचं काम त्याच घरानं करावं; ते सगळ्यांच्या माथी मारू नये. त्यासाठी एकाच स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून घ्या आणि अंदाजपत्रकात कॉलम, गच्ची आणि फ्लॅटच्या आतली कामं निरनिराळी लिहून मागा. अर्धी भांडणं ढोबळ आकड्यामुळे होतात.

गवंडी म्हणेल, वरून गिलावा मारून देतो. अजिबात मारू देऊ नका. गंजलेली सळई फुगते, त्या फुगण्यानंच काँक्रीट फुटलंय. गिलाव्याआड गंज वाढतच राहील आणि दिसणारही नाही. सैल काँक्रीट काढून, सळई चकचकीत होईपर्यंत घासून, गंजरोधक लावून मगच मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, फटींत सहज शिरणारं काँक्रीट) भरतात. सळई फार झिजली असेल तर जोड द्यावा लागतो. गच्चीचं पाणी आधी थांबवा, नाहीतर हे सगळं वाया.

दीर पैसे देईपर्यंत थांबू नका. इंजिनिअरला याच आठवड्यात बोलवा, आणि तो सांगेल तिथे लोखंडी धिरे लावून घ्या.