चाकू गिरकी न घेता रुतवायचा कसा?

प्रश्न : सर, मी सातारचा, वय 24. फेकायच्या चाकूंचा सेट ऑनलाइन मागवलाय, घरामागं प्लायचा तुकडा भिंतीला टेकवून रोज फेकतो. दहातले दोन रुततात, बाकीचे खणकन आपटून पायाशी येतात. मला गिरक्या न घेता सरळ जाणारा थ्रो शिकायचाय. ओळखीचा लेथवाला सळईचे स्पाइक करून देतो म्हणतोय, घेऊ का? आणि पोलिसांचं काही लफडं नाही ना?

उत्तर : भावा, आधी तो प्लाय काढ, आजच. प्लायचे थर आडवे चिकटवलेले असतात, टोकाला आत शिरायला वाटच मिळत नाही आणि सगळा जोर तुझ्याकडं परत येतो. मी पण सुरुवातीला इथं सांगलीत गच्चीवर हेच केलेलं, एक सळई उलटून आली आणि घोट्याच्या वर दोन टाके पडले, पुतणी मागं दोन हातांच्या अंतरावर उभी होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. वखारीत जाऊन आंब्याच्या नाहीतर सावरीच्या ओंडक्याची चार-पाच इंच जाड चकती कापून आण, वर्तुळं दिसतात ती बाजू आपल्याकडं ठेव, म्हणजे टोक तंतूंच्या मधून घुसतं. आदल्या रात्री पाणी मारून ठेवलं की अजून मऊ पडते. बाभळीच्या नादी लागू नको. चकतीच्या मागं जुनी पोती लोंबती सोड, पायात बूट, डोळ्याला गॉगल, आणि फेकताना तुझ्या पुढं कुणी येता कामा नये, मागंही लांबच.

आता मेन गोष्ट. न फिरवता म्हणतात पण चाकू फिरतोच, फक्त पाव गिरकी. हातात टोक आभाळाकडं असतं, लाकडापर्यंत जाताना ते हळूहळू आडवं होतं. जपानी बो-शुरिकेन, म्हणजे फेकायच्या टोकदार सळया, वापरणारे याला जिकिदाहो म्हणतात, आणि अर्धी गिरकी घेणाऱ्या थ्रोला हान्तेनदाहो. सगळी करामत तर्जनीत आहे. ती चाकूच्या मुठीच्या पाठीवर सरळ ठेवायची, बाकीच्या बोटांनी अलगद धरायचं आणि भिंतीला वरनं खाली ब्रश ओढतो तसा हात आणायचा. मनगट अजिबात मोडायचं नाही. चिंचा पाडायला दगड मारतो तो झटका इथं नको. मूठ हातातून सुटताना तर्जनी शेवटपर्यंत तिच्या पाठीवरून घासत गेली पाहिजे, तीच गिरकीला ब्रेक लावते. टोक वर राहून आपटलं तर गिरकी कमी पडली, अर्धं पाऊल मागं हो. टोक खाली आणि शेपूट वर असेल तर जास्त झाली, पुढं ये नाहीतर बोट जरा जास्त वेळ टेकव.

स्पाइक बिनधास्त करून घे, माझ्या मते नवख्यानं त्यावरच शिकावं, स्वस्त पडतात, धार नसते आणि सगळे एकाच वजनाचे होतात. फक्त बांधकामाची रिबवाली सळई नको, बोट अडकतं, साधा गोल एमएस (माइल्ड स्टील) बार घे. साइटवरचा हिशोब माहीत असेल, मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले 162 की मीटरला किलो येतात, म्हणजे 10 मिमीचा बार मीटरला साधारण 617 ग्रॅम, 20 सेंटिमीटरचा तुकडा सव्वाशेच्या आसपास बसतो. टोक सुईसारखं काढू नको, वाकतं, आणि वाकलं तर कानस मार. शेपटीला चार वेढे सुतळी गुंडाळून बघ, गिरकी अजून मंदावते.

कायद्याचं म्हणशील तर शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब नाहीतर 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रात धरलेत, घरकाम-शेतीची अवजारं सोडून. म्हणून 20 सेंटिमीटरच्या वर जाऊ नको. पण माप छोटं म्हणून कमरेला लावून राजवाड्यावर फिरायचं नाही, जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चा मनाई आदेश असला की हत्यार जवळ बाळगणंच गुन्हा होतो. घरच्या आवारातच खेळ.

पहिले काही आठवडे पाच-सहा फुटांवरच थांब. दहातले आठ रुतायला लागले की मग अर्धं पाऊल मागं, आणि खांदा दुखायला लागला की त्या दिवशीचं बास.