दोन्ही पर्याय बरोबर वाटतात तेव्हा

"मॅडम, उतारा कळतो. शब्दही अडत नाहीत. पण शेवटी दोन पर्याय उरतात आणि मी नेमका चुकीचा धरते."

कॅटची, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांच्या एमबीए प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या मुलांकडून हे वाक्य मी दर हंगामात ऐकते. सायलीने (नाव बदललं आहे) त्याला जोडून स्वतःचा निकालही लावून टाकला होता, "माझं इंग्रजीच कच्चं." दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम., आता दुसरा अटेम्प्ट. भाषेच्या विभागाला ४० मिनिटं आणि २४ प्रश्न, त्यातले १६ उताऱ्यांवरचे. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकीचा पर्याय धरला की एक वजा. अशा ठिकाणी दोन पर्यायांत अडकणं महागात पडतं, तिची धास्ती खोटी नव्हती.

मी तिला जुने मॉक, म्हणजे सोडवलेले सराव पेपर, घेऊन बोलावलं. अर्थशास्त्र, पर्यावरण, इतिहास यांवरचे उतारे तिने बरे सोडवले होते. चित्रकला, संगीत आणि त्यांचा बाजार असा विषय आला, की चारातले तीन प्रश्न चूक. इंग्रजी कच्चं असतं तर ती सगळीकडे चुकली असती ना? खात्री करायला मी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि एक छोटा उतारा मराठीतच लिहून दिला:

"राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि तंत्रज्ञ आणले. लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं स्वस्तात घरोघरी गेली. काही समीक्षकांच्या मते कला बाजारात बसली ती इथेच. पण ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देव आला तो याच कागदावर. चित्राची किंमत उतरली म्हणून मोलही उतरलं म्हणायचं, तर ते मोल ठरवत कोण होतं, हे आधी विचारायला हवं."

प्रश्न असा: लेखक कशाशी सहमत होईल? (अ) व्यापार आला की कलेचा दर्जा घसरतो. (आ) स्वस्त छपाईमुळेच कला खऱ्या अर्थाने लोकांची होते. (इ) कलेच्या मोलाबद्दल बोलताना ते ठरवणारा कोण, हेही पाहावं. (ई) रविवर्मांचा हेतू नफ्याचा नव्हता.

तिने लगेच 'अ'वर खूण केली.

"कुठे लिहिलंय?"

तिने 'कला बाजारात बसली'वर बोट ठेवलं.

"हे कोण म्हणतंय?"

बोट हळूहळू मागे सरकत 'काही समीक्षकांच्या मते'वर येऊन थांबलं. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "पण ते खरंच आहे ना, मॅडम?"

अण्णांबद्दल तेव्हा पहिल्यांदा बोलली. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि दोन-तीन वर्षांत काम संपलं. आता ते एका गोदामात हिशेब लिहितात, पण ब्रश अजून रॉकेलमध्ये धुऊन डब्यात उभे करून ठेवतात. कला आणि धंदा हे शब्द एका उताऱ्यात दिसले, की ही मुलगी लेखकाचं उत्तर देतच नव्हती. ती अण्णांची बाजू मांडत होती.

'केवळ', 'नेहमीच' असे टोकाचे शब्द दिसले की तो पर्याय उडवा, असं क्लासमध्ये शिकवतात. त्याने 'आ' गळतो, कारण उताऱ्यात एवढं ठाम विधान नाही. 'ई' मात्र त्या युक्तीने गळत नाही. ते विधान कदाचित खरंही असेल, पण उतारा हेतूबद्दल चकार शब्द काढत नाही. आणि 'अ'? आपल्या मनाला जे पटतं त्याला कोणतीही युक्ती हात लावत नाही. माझ्या अनुभवात कलेवरच्या उताऱ्यांत मुलं सर्वांत जास्त फसतात ती इथेच, कारण त्या विषयावर प्रत्येकाचं काहीतरी आधीच ठरलेलं असतं.

मी तिला तीन खुणा दिल्या. सरावाच्या छापील उताऱ्यात प्रत्येक मताशेजारी पेन्सिलने लिहायचं: 'ते', 'लेखक' किंवा 'मी'. दुसऱ्या कुणाचं मत असेल तिथे 'ते', उतारा स्वतः जे म्हणतो तिथे 'लेखक', आणि वाचताना आपल्या पोटात काही ढवळलं तिथे 'मी'. ही तिसरी खूण मला फार महत्त्वाची वाटते. तिचं मत मला पुसायचं नव्हतं. त्याला समासात हक्काची जागा मिळाली, तर ते उत्तरात घुसणार नाही, एवढंच.

तीन आठवड्यांनी ती नवा मॉक घेऊन आली. चित्रांच्या लिलावावरचा उतारा होता. समासात चार ठिकाणी 'मी', एकदा तर कागद फाटेल इतकं दाबून लिहिलेलं. चारातले तीन प्रश्न बरोबर. चौथ्यावर आम्ही अर्धा तास वाद घातला.

निघताना दारात थांबून म्हणाली, "तुमचा रविवर्मांचा उतारा अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, अगं, ती कमळातली लक्ष्मी मी कितीतरी पाट्यांवर काढलीय, छापील चित्र समोर ठेवूनच."