डबा रिकामा कसा परत करायचा?

प्रश्न : मुलाकडं जपानात नागोयाला तीन महिन्यांसाठी आले आहे. संक्रांतीला शेजारच्या आजींना तिळगूळ दिला. दुसऱ्या दिवशी त्या बिस्किटांचा सुरेख डबा घेऊन दारात. मला अवघडल्यासारखं झालं, म्हणून पुरणपोळ्या दिल्या, तर चहाची पुडी आणि टॉवेल आला. करंज्या दिल्या, तर काल संत्र्यांची पिशवी! सून म्हणते, "आई, आता बास करा." माझं काय चुकलं?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : चुकलं काही नाही, पण तुम्ही दोघी एकमेकींना दमवताय. मिळालेल्या भेटीची परतफेड करण्याला जपानीत ओकाएशी म्हणतात. रीतसर आहेर असेल, तर साधारण निम्म्या किमतीचं परत द्यायचा संकेत आहे, त्याला नावच हानगाएशी. हान म्हणजे निम्मं. आपल्याकडंही शेजारणीचा डबा रिकामा जात नाही. पण आपण चिमूटभर साखर घालतो आणि मोकळ्या होतो. त्या आजींना मात्र तुमच्या प्रत्येक करंजीपायी दुकान गाठावं लागतंय.

मी नागोयात सहा वर्षं काढली, नवऱ्याच्या नोकरीमुळं. नवी नवी असताना खालच्या मजल्यावरच्या बाईंना पांढरा रस्सा दिला होता (तांबडा द्यायचं धाडस झालं नाही). तिसऱ्या दिवशी माझा प्लास्टिकचा डबा परत आला. घासून, पुसून, चौकोनी कापडात गाठ मारून बांधलेला, आत सहा छोट्या मिठाया. कडेला हळदीचा पिवळा डाग होता. तो निघाला नाही म्हणून बाई दोनदा वाकून माफी मागत होत्या. तो डाग कोल्हापुरातनंच आला होता, पण हे सांगण्याइतकं जपानी मला तेव्हा येत नव्हतं.

तुम्ही असं करा. संत्र्यांवर थांबा. त्यांना काही देऊ नका, पण पुढच्या वेळी जिन्यात भेट झाली की संत्र्यांची आठवण काढून पुन्हा आभार माना : "सेन्जित्सु वा आरिगातो गोझाइमाशिता." परवाबद्दल आभारी आहे, एवढाच अर्थ. आपल्याकडं एकदा मानले की आभार संपतात, तिथं दुसऱ्यांदा मानायची पद्धत आहे. पुढं कधी द्यावंसं वाटलंच, तर चार-पाच करंज्या साध्या कागदात द्या आणि म्हणा, "त्सुकुरिसुगिता नोदे", म्हणजे जरा जास्तच झाल्या म्हणून आणल्या. खास केल्या असं सांगितलंत की आजींच्या डोक्यावर ओझं. आणि नव्या डब्यात तर मुळीच देऊ नका, डबा परत करायला तरी त्यांना यावं लागतं.

प्रश्न : फौंड्रीसाठी मशिन बघायला चीनमधल्या सुझौला चाललोय. यजमानांना कोल्हापुरी चपला न्याव्यात असा विचार आहे. मी माळकरी, दारूच्या आग्रहाची धास्ती आहे.
– एक वाचक, शिरोली

उत्तर : चपला तुमच्या तुम्ही घाला. चिनी भाषेत पादत्राण म्हणजे शिए, आणि दुष्ट, अमंगळ यालाही उच्चार शिएच. भेट म्हणून कुणी देत नाही. मी तर याहून मोठी चूक केली आहे. सुझौत एका ओळखीच्यांच्या नव्या घरी, आपण वास्तुशांतीला नेतो तसं, भिंतीवरचं घड्याळ नेलं. घड्याळ देणं आणि कुणाला शेवटचा निरोप देणं, दोन्हीचा उच्चार सोंग झोंग. यजमानीणबाई क्षणभर गप्प झाल्या. मग पर्समधनं एक युआनचं नाणं काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. मला वाटलं थट्टा चाललीय. घड्याळ भेट नाही, विकत घेतलं, म्हणजे दोष गेला, हे नवऱ्यानं घरी येताना सांगितलं.

दारूचं सोपं आहे. पहिला पेला भरतानाच सांगा, "यी छा दाय ज्यू", दारूऐवजी चहा. ही तिथली रूढ बोली आहे, कुणी वाईट मानत नाही. मधेच नाही म्हणालात तर मात्र आग्रह वाढतो. चहाचा पेला भिडवताना वडीलधाऱ्यांच्या पेल्यापेक्षा तुमचा काठ थोडा खाली ठेवा. जेवताना "वो छी सू", मी शाकाहारी. तरी सूप कशाचं आहे ते विचाराच, भाजीच्या सुपातही हाडांचं पाणी असतं. जवळ बौद्ध मंदिर असेल तर तिथल्या शाकाहारी जेवणात कांदा-लसूणसुद्धा नसतो. चातुर्मास पाळणाऱ्याला आणखी काय हवं! जलद गाडीच्या डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो. घरून उपम्याचं पीठ भाजून न्या, पाणी ओतून झाकून ठेवा. शांघायहून सुझौ अर्ध्या तासावर, उपमा फुलेपर्यंत उतरायची वेळ येईल.

भेट म्हणून हुपरीच्या छोट्या चांदीच्या वाट्या न्या. दोन्ही हातांनी द्या. आपल्यासारखंच "कशाला, कशाला" होईल, तुम्ही रेटा. फक्त चारचा सेट नको, चारचा उच्चार मरणाच्या जवळ जातो. सहा घ्या.