मर्ज करण्याआधी

मालवण

प्रिय दोस्ता,

आपल्या एम्युलेटरमध्ये (जुन्या गेम मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लोकांकडून आलेले बदल मर्ज करण्याआधी, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळण्याआधी, तपासायचं काम आता तुझ्याकडे आलंय. कोड बरोबर आहे का हे नंतर बघ, आधी तो आला कुठून ते बघ. चुकीचा कोड एका रिव्हर्टने, म्हणजे तो बदल मागे घेऊन, निघतो. दुसरीकडून उचललेला कोड पुढच्या दहा बदलांत मुरतो आणि काढायला गेलं की सगळंच उसवतं.

एकाच कमिटमध्ये (एका वेळी नोंदवलेला बदल) अख्ख्या साउंड चिपचा कोड, व्हेरिएबलची नावं बाकी फाइलींशी न जुळणारी, आणि ‘चिपच्या कुठल्या डेटाशीटवरून (तांत्रिक माहितीपत्रक) लिहिलंस?’ याला उत्तर नाही, असं असलं की थांबायचं. त्यातले दोन-चार विचित्र आकडे घे आणि इतर एम्युलेटरांच्या कोडमध्ये शोध. सापडले तर तिथला परवाना वाच. स्नेस९एक्स या एम्युलेटरचा सोर्स कुणालाही वाचता येतो, पण परवाना व्यावसायिक वापराला मनाई करतो. जीपीएल या मुक्त परवान्याला अशी मनाई चालत नाही, म्हणून जीपीएल प्रकल्पात तो घालता येत नाही. अपाची २.० या दुसऱ्या मुक्त परवान्याचा कोड ‘फक्त जीपीएल २’ असलेल्या प्रकल्पात चालत नाही, जीपीएल ३ मध्ये चालतो. म्हणून तुमच्या फाइलींच्या माथ्यावर ‘किंवा पुढची आवृत्ती’ लिहिलंय का, तेही पाहून ठेव. एवढ्या तीन शब्दांसाठी डॉल्फिन एम्युलेटरवाल्यांनी २०१५ मध्ये कोड लिहिणाऱ्या जुन्या लोकांना शोधून परवानग्या घेतल्या.

लीक झालेला एसडीके (कंपनीचं गेम बनवण्याचं साहित्य) बघून लिहिलेलं काही आलं तर वाद घालत बसू नकोस, बंद कर. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्रोग्रॅम कसा चालतो हे निरखायला, तपासायला मोकळीक देतं. त्याचा कोड आणून चिकटवायला नव्हे.

आता बरोबर-चूक. सगळ्यात घातक बदल ‘बग फिक्स’ म्हणून येतात. मूळ ६५०२ प्रोसेसरमध्ये इनडायरेक्ट जंपचा पॉइंटर (कुठे उडी मारायची तो पत्ता) मेमरीत १०एफएफ वर असेल तर त्या पत्त्याची वरची बाइट ११०० वरून येत नाही, १००० वरून येते. ही हार्डवेअरचीच खोड. कुणीतरी ती ‘सुधारून’ पाठवणारच! तसंच सायकलींचं (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके): ॲब्सोल्यूट-एक्स या पत्ता देण्याच्या पद्धतीत एलडीएला (मेमरीतून वाचायची सूचना) ४ लागतात, मेमरीचं २५६ बाइटचं पान ओलांडलं तर ५, एसटीएला (लिहायची सूचना) मात्र कायम ५. टेबल सुटसुटीत करतो म्हणून कुणी दोन्ही सारखे केले तर कंपायलर हूं की चूं करणार नाही, टायमिंगवर बेतलेला गेम तेवढा गडबडेल. आणि सेव्ह स्टेटमध्ये (गेमची साठवलेली स्थिती) एक फील्ड जरी वाढलं तरी आवृत्तीचा आकडा वाढलाय का बघ, नाहीतर जुनं स्टेट लोड करताना पुढच्या सगळ्या बाइट सरकतात.

पावसात आपल्याकडे लाइट आणि रेंज जोडीनेच जातात, तेव्हा पूर्ण क्लोन (सगळ्या इतिहासासकट कोडची प्रत) मे महिन्यातच करून ठेव. डेप्थ १ ने, म्हणजे फक्त शेवटचा कमिट, घेतलास तर गिट ब्लेम (कुठली ओळ कुणाची ते दाखवणारी आज्ञा) सगळ्या ओळी एकाच कमिटच्या नावावर दाखवतं. ओळ कुणाची हेच कळत नाही.

‘साइन्ड-ऑफ-बाय’ ची ओळ (हा कोड द्यायचा हक्क मला आहे, अशी पाठवणाऱ्याची सही) राहिली असेल तर कमिट परत पाठव. घाई असली तरी दुसऱ्याच्या नावाने ती तू टाकायची नाहीस.