भाडेकरू पिंजरा सोडून गेला, आता मिठूचं काय करू?

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधले भाडेकरू जागा सोडून गेले आणि पोपटाचा पिंजरा बाल्कनीत तसाच ठेवून गेले. दोन दिवस तो ओरडत होता, तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला, तेव्हा घरमालकाने दार उघडलं आणि ताई पिंजरा घरी घेऊन आल्या. पाण्याची वाटी कोरडी, दाण्याच्या वाटीत नुसती टरफलं, छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटलेली आणि एका पंखाची पिसं कापलेली. याला तीन आठवडे झाले. आता तो भाडेकरू फोन करून म्हणतोय की मुलगी रडतेय, पोपट परत द्या नाहीतर चोरीची कम्प्लेंट करतो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात वनखातं तुम्हालाच धरेल. मिस्टर म्हणतात रविवारी तळ्याकाठी नेऊन सोडून देऊ, विषय संपला. ताईंनी शेवटी हळूच विचारलंय, की लायसन्स वगैरे काढून आम्हालाच ठेवता येईल का हो त्याला?

ताई, आधी मिस्टरांना थांबवा. कापलेल्या पंखाचा, माणसाच्या हातची डाळ खाऊन वाढलेला पोपट तळ्याकाठी सोडला तर संध्याकाळपर्यंत कावळे त्याला टोचून काढतात, नाहीतर मांजर नेते. त्याला झाडावर खायचं शोधता येत नाही, थवा त्याला लगेच घेत नाही. आणि पंख नीट असते तरी असं परस्पर सोडणं बरोबर नाही, कारण तो पक्षी तुमचा नाहीच.

आता कोणाचा ते सांगतो. तुम्ही लिहिलंय हिरवा, लाल चोच, गळ्याला काळा-गुलाबी कंठ. म्हणजे आपला साधा देशी पोपट, नर. कंठ यायला दोन-तीन वर्षं जातात, त्यामुळे हा काही काल-परवाचं पिल्लू नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि हा पोपट आता अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपटही तिथेच. कलम ३९ म्हणतं की असा कायदा मोडून पकडलेला किंवा पाळलेला वन्यप्राणी राज्य सरकारची मालमत्ता. भाडेकरूने बाजारात पैसे मोजले असतील, मुलीच्या वाढदिवसाला आणला असेल, काहीही असेल, त्याने मालकी येत नाही.

म्हणून ती चोरीची धमकी मनावर घेऊ नका. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो, तुम्ही तर घरमालकाने दार उघडल्यावर मरायला टेकलेला पक्षी उचललात. शिवाय तो पोलीस स्टेशनला जाऊन काय सांगणार, की साहेब मी बेकायदेशीर ठेवलेला पोपट शेजारणीने नेला? गुन्हा सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे त्याच्या वकिलाने त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं तर तो फोन करायचा बंद होईल. पण तुम्ही दया येऊन पोपट परत देऊ नका हं, मुलगी कितीही रडत असली तरी. परवानगीशिवाय असा प्राणी दुसऱ्याच्या हवाली करणं, भेट म्हणून का असेना, कलम ३९ मध्येच मनाई आहे. मग तुम्हीही त्यात अडकाल.

सेक्रेटरींचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे, ते तुम्हाला आवडणार नाही तरी सांगतो. असा प्राणी कुठल्याही मार्गाने ताब्यात आला की ४८ तासांत जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं असतं. तुमचे तीन आठवडे झाले. आणि कलम ५७ जरा कडक आहे, ताबा सिद्ध झाला की तो बेकायदेशीर आहे असंच धरून चालतात, तसा नाही हे आपण दाखवायचं. म्हणजे उद्या कोणी तक्रार केली आणि पिंजरा तुमच्या हॉलमध्ये सापडला तर स्पष्टीकरण तुम्हाला द्यावं लागेल, पळून गेलेल्याला नाही. हेच तुम्ही स्वतःहून लेखी कळवलंत तर चित्र वेगळं दिसतं. उशीर झालाय तो लपवू नका, कारण लिहा: पक्षी अशक्त होता, नियम माहीत नव्हता, आज कळला म्हणून कळवतेय. खरं तेच लिहायचं, सजवायचं नाही.

तर उद्या सकाळी हे करा. घरमालकाकडून व्हॉट्सअॅपवर दोन ओळी घ्या, की अमुक तारखेला मी दार उघडलं आणि पक्षी या अवस्थेत होता. पहिल्या दिवशी फोटो काढले असतील तर ते डिलीट करू नका, भाडेकरूचे मेसेज पण ठेवा. मग १९२६ ला फोन करा, ती वनविभागाची हेल्पलाइन आहे, आणि त्याच दिवशी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. नुसत्या फोनवर राहू नका. माझ्या एका अशिलाला एका ऑफिसातून फोनवर 'द्या की सोडून' असं सांगितलं होतं, आणि नंतर कोण बोललं ते कोणालाच आठवेना. पक्षी नेतील तेव्हा पंचनाम्याची प्रत मागा. अर्जात पंख कापलेत हे ठळक लिहा, म्हणजे थेट सोडून न देता आधी उपचाराला पाठवायची विनंती करता येते. पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी जोडली तर उत्तम.

भाडेकरूवर छळाचा गुन्हा पण होतो का, तर होतो. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, कलम ११ मध्ये उपाशी ठेवणं, पंख पसरता येणार नाहीत एवढ्या पिंजऱ्यात कोंडणं, भुकेने-तहानेने हाल होतील असं टाकून जाणं, सगळं येतं. पण दंड ऐका, पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये! साठ साली पन्नास रुपये म्हणजे पगारातला मोठा तुकडा असेल, आज दोन वडापाव आणि चहा. त्यामुळे खरं वजन वन्यजीव कायद्याचंच.

आता लायसन्सचं. नाही मिळणार ताई. २००३ मध्ये ज्यांच्याकडे आधीपासून वन्यप्राणी होते त्यांना जाहीर करायला १८० दिवस दिले होते, ते दार केव्हाच बंद झालं. परदेशी पक्ष्यांची गोष्ट वेगळी, आफ्रिकन ग्रे, मकाव वगैरे असेल तर २०२४ च्या नियमांनुसार परिवेश या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी लागते, आणि बजरीगार किंवा कॉकटील त्या नोंदणीत येत नाहीत. लोकांना हे उलटंच वाटतं, परदेशी तो बेकायदा आणि आपला मिठू घरचा. आमच्या आजोळी ओसरीवर मिठू होता, आजी त्याला पेरूची फोड द्यायची, आणि त्याला ढोलीतून कोणी काढलं असेल हा प्रश्न आम्हाला कोणालाच पडला नाही. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला तीच पिल्लं बाजारात येतात, घेणाऱ्याला वाटतं महिन्यात राम राम म्हणेल, तो मोठा होऊन चावायला लागतो, पहाटे पाचला किंचाळतो, आणि वीस-पंचवीस वर्षं जगतो हे घेताना कोणी सांगितलेलं नसतं. मग बदली झाली, घर बदललं, की पहिला सुटतो तो पिंजरा.

तुम्हाला त्याचा लळा लागलाय हे पत्रात दिसतंच. अर्जात एक ओळ टाका की पुढे त्याचं काय झालं ते कळवावं, देतीलच असं नाही, पण मागायला काही बिघडत नाही. तोवर पेरू, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची चालेल, बिस्किट-चहा नको.

आणि भाडेकरूचा परत फोन आला तर वाद घालू नका, वनविभागाकडे कळवलंय एवढंच सांगा. निदान पिंजरा तरी द्या म्हणाला, तर तो पंचनाम्यात गेलाय, तिथे जाऊन मागा म्हणावं.