जुनी पद्मिनी सेल्फ घेते पण चालू होत नाही. कार्बोरेटर बदलू का?

इतक्यात नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: वडिलांची १९८७ची प्रीमियर पद्मिनी कोथरूडच्या सोसायटीत उघड्यावर, अख्खा पावसाळा प्लास्टिकच्या कव्हरखाली उभी होती. बॅटरी नवी टाकलीत, सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन एकदाही पकडत नाही. गॅरेजवाला म्हणतो कार्बोरेटर गेलाय, नवा टाका, नाहीतर इंजिन खोलू.

याच इंजिनाची गाडी मी अजून चालवतो, म्हणून सांगतो. कार्बोरेटर उभ्याउभ्या मरत नाही. त्यात कचरा अडकतो, जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबतो, फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीची) पेट्रोल थांबवणारी सुई चिकटते. पण हे सगळं उघडून साफ करता येतं. पावसाळाभर कव्हरखाली घामेजलेल्या गाडीत माझा पहिला संशय डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे चारही स्पार्क प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागावर. कव्हर पाऊस अडवतं, तशी आतली ओलही अडवतं.

पण संशय बाजूला ठेवून आधी प्लगला विचारा. सेल्फ मारून झाला की लगेच एक प्लग खोला. टोक ओलं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय, करंट नाही. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच येत नाही. हे कळल्याशिवाय कुणालाही एक रुपया देऊ नका.

समजा प्लग ओले निघाले. मग चारही काढून पुसा, वाळवा, गॅप ०.६ मिमीच्या आसपास आहे का बघा. आता डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. आतून ओल असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. उजेडात धरून केसासारखी काळी रेघ दिसते का ते नीट पाहा. त्या रेघेतून करंट पळतो, प्लगपर्यंत जातच नाही. कॅपच्या मधला कार्बनचा तुकडा झिजलाय का, रोटरला (कॅपखाली फिरणाऱ्या तुकड्याला) तडा आहे का, हेही बघा. त्यानंतर पॉइंट, म्हणजे त्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडमीट होऊन कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी धातूची जोडी. महिनोनमहिने न उघडमीट झालेल्या पॉइंटच्या तोंडावर राखाडी साय धरते. डोळ्यांना पॉइंट चांगले दिसतात, पण टेकले तरी त्यातून करंट जात नाही. जाड कोरा कागद, जुनं व्हिजिटिंग कार्डही चालेल, त्यांच्यात धरून चार वेळा ओढा. खड्डे पडले असतील तर बारीक कानस. गॅप साधारण ०.४५ मिमी ठेवा, आणि तो मोजताना पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर असू द्या, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडलेले असतील. गाडी टॉप गिअरला टाकून थोडी ढकलली की इंजिन हवं तिथे थांबवता येतं. इग्निशन मात्र बंद ठेवून.

पुढची तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण त्यात वाद घालायला जागा उरत नाही. बारा व्होल्टचा साधा बल्ब घ्या. एक वायर कॉइलच्या (बॅटरीच्या करंटचा व्होल्टेज प्लगसाठी वाढवणाऱ्या भागाच्या) त्या टर्मिनलला लावा जिथून डिस्ट्रिब्युटरकडे वायर जाते, दुसरी बॉडीला. इग्निशन ऑन करून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट आपलं काम करतायत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा मिटूनही जोडत नाहीत, म्हणजे तीच साय. पेटलाच नाही तर एकतर कॉइलला करंट येत नाही, नाहीतर पॉइंटची वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय, किंवा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली, त्यांच्यावरची ठिणगी दाबणारी छोटी डबी) आतून शॉर्ट झालाय. वायरवर उंदरांचे दात आहेत का तेही बघा. सोसायटीतल्या उभ्या गाडीत हे नवीन नाही.

बल्ब लुकलुकतोय तरी प्लगला करंट नाही, असं झालं तर कॅपच्या मधोमध शिरणारी जाड वायर ओढून काढा. इन्सुलेटेड पक्कडीने तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिमीवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी आणि कडकडीत हवी. पिवळी, बारीक, मरतुकडी असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. आसपास सांडलेलं पेट्रोल नको, हे वेगळं सांगायला नको. इंजिन फिरत नसताना इग्निशन ऑन ठेवून गप्पा मारत बसू नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जाते.

नवा कंडेन्सर नाना पेठेत मिळून जाईल, पण जुना लगेच फेकू नका. हल्ली मिळणाऱ्या नव्यांतला एखादा पाकिटातूनच मेलेला निघतो.

प्लग कोरडे असतील तर गोष्ट सोपी आहे. कॉइलची मधली वायर काढून बाजूला ठेवा, कार्बोरेटरला येणारा पेट्रोलचा पाइप सोडवून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. ठेक्यात धार यायला हवी. नाही आली तर टाकीपासून पंपापर्यंतचे रबरी पाइप पाहा. बारीक चीर असली की पंप पेट्रोलऐवजी हवाच ओढतो. आता पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि १९८७चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉल पाणीही ओढतं. महिनोनमहिने टाकीत पडलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. खाली वेगळा थर बसला किंवा वार्निशसारखा वास आला तर ते काढून टाकाच. पाइप बदलताना इथेनॉल चालणारेच मागा.

पंपाचा डायफ्रॅम फाटला असेल तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आधी ऑइल बदला, मग सेल्फ मारा. धार व्यवस्थित येतेय तरी प्लग कोरडेच, तेव्हा कुठे कार्बोरेटरची पाळी. आधी फ्लोटच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका, चिकटलेली सुई कधी कधी तेवढ्यावर सुटते. नाहीतर उघडा, जेट हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठं होतं.

आणखी दोन गोष्टी. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागत असेल तर इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी तुटलीय किंवा गंजलीय. सेल्फचा करंट केबलमधून वाट काढतोय. दुसरं म्हणजे, गॅरेजवाल्याने प्लगच्या वायरी काढून परत लावल्या असतील तर क्रम तपासा: १-३-४-२, रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने मोजत. दोन वायरी उलट झाल्या की गाडी कार्बोरेटरमधून फटाके उडवते, आणि मग कार्बोरेटरच बदनाम होतो.

इंजिन खोलण्याचा विषय करंट आणि पेट्रोल दोन्ही ठीक असतानाच. चारही प्लग काढून गेजने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजायला सांगा. एखाद-दुसऱ्या सिलिंडरला कमी आलं तर त्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. नाही वाढलं तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट, आणि त्यासाठी फक्त हेड उतरवावं लागतं, अख्खं इंजिन नाही.