बोलायला उशीर आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या

बोलण्याच्या अडचणी असलेल्या मुलांच्या पालकांनी या वेळी व्हिटॅमिन्सबद्दल भरपूर विचारलं आहे. उत्तरं बालरोगतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत. खालचे आकडे मर्यादा कळावी म्हणून आहेत. तुमच्या मुलाचा डोस त्याचं वजन आणि रिपोर्ट पाहूनच ठरतो.

मुलगा चार वर्षांचा आहे. अप्रॅक्सियाचं (काय बोलायचं ते कळतं, पण त्यासाठी तोंडाच्या हालचाली जुळवता येत नाहीत) निदान झालंय, आठवड्यातून दोनदा थेरपी चालू आहे. पालकांच्या ग्रुपवर सगळे सांगतात की व्हिटॅमिन ई आणि फिश ऑइलने मुलं बोलायला लागली. डॉक्टरांना विचारलं तर ‘काही गरज नाही’ एवढंच म्हणाले. त्यांच्याशी हा विषय काढायचा कसा? — एक आई, नाशिक

ग्रुपवरच्या या चर्चेमागे बहुतेक वेळा अमेरिकेतल्या मॉरिस आणि एगिन या दोन डॉक्टरांचा २००९ सालचा लेख असतो. अप्रॅक्सिया असलेल्या १८७ मुलांना ओमेगा-३ आणि व्हिटॅमिन ई दिलं आणि १८१ कुटुंबांनी सुधारणा झाल्याचं सांगितलं. ऐकायला भारी वाटतं, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि सुधारणा मोजली नव्हती, पालकांनी सांगितली होती. चार वर्षांचं मूल तीन महिन्यांत काहीही न देता थोडं पुढे सरकतंच, थेरपी चालू असेल तर जास्तच. श्रेय कुणाचं, हे अशा अभ्यासातून कळत नाही. डॉक्टरांचं ‘गरज नाही’ यातूनच आलेलं असणार. मात्र तेवढं बोलून त्यांनी विषय बंद केला असेल, तर तेही बरोबर नाही. पालक मग न सांगता सुरू करतात.

ओपीडीत पाच-सात मिनिटं मिळतात. ‘व्हिटॅमिन देऊ का?’ असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच येतं. त्याऐवजी असं विचारा: याच्या आहारात किंवा रिपोर्टमध्ये कशाची कमतरता दिसते का? दिसत नसेल, तर इतके मिलिग्रॅम ई बारा आठवडे देऊन पाहण्यात याच्या बाबतीत धोका काय? दुसऱ्या प्रश्नाला डॉक्टरांना आकड्यातच उत्तर द्यावं लागतं.

सोबत एक कागद न्या. त्यावर मुलाचं आजचं वजन. तीन दिवसांचं खाणं, त्यात दूध किती मिली तेही (दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध पिणारी मुलं जेवत नाहीत आणि त्यांचं लोह कमी पडतं). चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीचीसुद्धा. फिट्स आल्या आहेत का. नाकातून वारंवार रक्त येतं का. टाळू, टॉन्सिल किंवा दातांचं एखादं ऑपरेशन ठरलं आहे का. शेवटचे दोन मुद्दे पालकांना फालतू वाटतात आणि लिहायचे राहतात. व्हिटॅमिन ई जास्त झालं की व्हिटॅमिन के च्या कामात अडथळा येतो आणि रक्त गोठायला वेळ लागतो. सोबत फिश ऑइलचे मोठे डोस असतील तर काळजी आणखी वाढते. ऑपरेशनआधी हे किती दिवस बंद ठेवायचं ते सर्जनना विचारा.

आता आकडे. चार ते आठ वर्षांच्या मुलाची व्हिटॅमिन ई ची रोजची गरज सुमारे ७ मिलिग्रॅम आहे. सप्लिमेंटमधून द्यायची अमेरिकेत ठरलेली कमाल मर्यादा या वयाला ३०० मिलिग्रॅम, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला २००. मेडिकलमध्ये सहज मिळणारी कॅप्सूल मोठ्यांची, ४०० मिलिग्रॅमची असते. म्हणजे एका कॅप्सूलमध्येच मर्यादा ओलांडली. बाहेरून आणलेल्या बाटलीवर मिलिग्रॅमऐवजी ‘आययू’ (आंतरराष्ट्रीय युनिट) लिहिलेलं असू शकतं: नैसर्गिक ई असेल तर ४०० आययू म्हणजे साधारण २६८ मिलिग्रॅम, कृत्रिम असेल तर कमाल मर्यादेच्या हिशोबाने ३६० च्या आसपास. कॅप्सूल टाचणीने टोचून ‘अर्धी’ देणं हा प्रकार तर नकोच. किती थेंब पोटात गेले आणि किती चमच्याला चिकटले, कुणालाच सांगता येत नाही.

डॉक्टर तयार झाले तर आधी तपासण्या, मग बाटली. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एवढं साधारण पुरतं. सर्दी-तापात रक्त देऊ नका, कारण तापात फेरिटिन खोटं वाढतं आणि लोहाची कमतरता झाकली जाते. ऐकण्याची तपासणी झालेली नसेल तर ती या सगळ्याच्या आधी. ‘हाक मारली की बघतो’ यावर विसंबू नका. विशिष्ट आवाजच ऐकू न येणारी मुलंही हाकेला बघतात.

सुरुवात एकाच गोष्टीने करा. ई, फिश ऑइल आणि मल्टिव्हिटॅमिन एकाच सोमवारी सुरू केलं आणि मूल चिडचिडं झालं किंवा जुलाब लागले, तर कशामुळे ते सापडत नाही. त्या बारा आठवड्यांत थेरपीचे वार बदलू नका, शक्य असेल तर शाळाही बदलू नका. सुरू करण्याआधी दहा मिनिटांचा खेळतानाचा व्हिडिओ काढून ठेवा आणि थेरपिस्टकडून वीस ठरावीक शब्दांची यादी घ्या. दर चार आठवड्यांनी तेच खेळ, तीच यादी. यादी थेरपिस्टने तपासावी, आणि शक्यतो नवीन काही सुरू आहे हे माहीत नसलेल्या थेरपिस्टने. आईबाबांचा कान मुलाच्या उच्चारांना सरावलेला असतो, त्यांना ‘ता’ मध्येही ‘काका’ ऐकू येतो. बारा आठवड्यांनी फरक नसेल तर बंद. ‘चालू राहू दे, नुकसान तर नाही’ असं म्हणत वर्षानुवर्षं महागडी बाटली आणणाऱ्यांना आमचं सांगणं एकच आहे: तेवढ्या पैशांत थेरपीची काही सत्रं वाढतात.

माझी नात चौदा महिन्यांची आहे. घरात पूर्ण शाकाहार, ती अजून मुख्यतः आईच्या दुधावर आहे. ‘मामा’, ‘बाबा’ म्हणायची ते बंद झालंय. हल्ली पडून असते, हात थरथरतात. शेजारच्या बाई म्हणतात टॉनिक द्या. — एक आजी, सांगली

टॉनिक देऊ नका आणि वाटही पाहू नका. उद्याच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. येणारे शब्द जाणं कोणत्याही वयात तातडीचं असतं. तुम्ही लिहिलेलं सगळं चित्र बी-१२ च्या तीव्र कमतरतेचं असू शकतं. आईच्याच अंगात बी-१२ कमी असेल तर दुधातून बाळाला मिळत नाही. बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडलीय का, केस विरळ आणि भुरे झालेत का, तेही पाहा आणि डॉक्टरांना सांगा.

टॉनिक नको म्हणण्याची दोन कारणं आहेत. बी-१२ असलेले थेंब आधी दिले तर रक्तातला आकडा वर जातो आणि रिपोर्ट फसवा येतो. आणि टॉनिकमध्ये नुसतंच फोलिक अ‍ॅसिड असेल तर हिमोग्लोबिन सुधारतं, सगळ्यांना बरं वाटतं, पण मज्जासंस्थेची हानी आतून चालूच राहते.

निदान पक्कं झालं तर बी-१२ बहुधा इंजेक्शनने सुरू होतं. मूल काही दिवसांतच बघायला, हसायला लागतं. थरथर मात्र उपचारानंतर काही काळ वाढू शकते, क्वचित तेव्हाच पहिल्यांदा दिसते. घाबरून इंजेक्शनं थांबवू नका, डॉक्टरांना कळवा. बोलणं परत यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि त्यासाठी थेरपी लागू शकते. आईचंही बी-१२ त्याच दिवशी तपासा.

सासूबाई बाळाच्या जिभेला वेखंड उगाळून मधातून लावतात, ‘जीभ हलकी होते’ म्हणून. बाळ दहा महिन्यांचं आहे. चालेल का? — पंढरपूर

नाही. एक वर्षाच्या आत मध देऊच नये. त्यातून बॉट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. वेखंडात बीटा-अ‍ॅसारोन असतं आणि त्याच्या विषारीपणामुळे अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. उगाळताना किती उतरलं हे मोजता येत नाही. उलट्या आणि सुस्ती येऊ शकते. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर हे डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या, बहुतेक घरांत त्याने काम होतं.

मुलगा पाच वर्षांचा, सहा महिन्यांपासून अडखळत बोलतो. मेडिकलवाल्याने बी-कॉम्प्लेक्सचं सिरप दिलंय. — जळगाव

त्याने तोतरेपणा जात नाही. सहा महिने झालेत, स्पीच थेरपिस्टला दाखवा. आणि ‘नीट बोल, परत बोल’ म्हणणं घरातल्या सगळ्यांनी आजपासून बंद करा. सिरपपेक्षा याचा उपयोग नक्की जास्त होईल.

मुलगी दोन वर्षांची, फक्त चार-पाच शब्द बोलते. डी कमी असेल म्हणून अमेरिकेहून भावाने थेंब पाठवलेत. मावशीने कॉड लिव्हर ऑइल दिलंय. शिवाय माझ्या केसांच्या गमी (चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या) ती अधूनमधून मागते. सगळं एकत्र चालेल का? — ठाणे

तिन्ही बाटल्या बाजूला ठेवा आणि लेबलची मागची बाजू वाचा.

आपल्याकडचे डी चे थेंब बहुधा १ मिलीत ४०० किंवा ८०० युनिट असे येतात. अमेरिकेतल्या काही बाटल्यांत एका थेंबातच ४०० युनिट असतात. इथल्या सवयीने त्यातलं १ मिली दिलं तर तीस-पस्तीस थेंब, म्हणजे दिवसाला बारा-चौदा हजार युनिट. या वयाला गरज ६०० आणि कमाल मर्यादा २५०० आहे. अशीच दुसरी चूक ६०,००० युनिटच्या पाकिटाची: आठवड्यातून एकदा लिहिलेलं असतं आणि रोज दिलं जातं. डी फार वाढलं की रक्तात कॅल्शियम चढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, खूप लघवी, मरगळ ही लक्षणं. दिसली तर बाटली घेऊनच दवाखान्यात जा.

कॉड लिव्हर ऑइल आणि साधं फिश ऑइल एक नव्हे. कॉड लिव्हरमध्ये व्हिटॅमिन ए आणि डी दोन्ही असतात. दोन वर्षांच्या मुलाला तयार स्वरूपातल्या ए ची रोजची कमाल मर्यादा २००० युनिट आहे. सरकारी कार्यक्रमात दीड वर्षानंतर दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटचा डोस पाजतात. तो तेवढ्या अंतराने सुरक्षित आहे, पण त्यावर रोजचं कॉड लिव्हर घालायचं का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

केसांच्या गमीत बायोटिन हे व्हिटॅमिन असतं. ते रक्तात असताना काही पद्धतींनी केलेला टीएसएच खोटा कमी येतो, आणि बोलायला उशीर झालेल्या मुलात थायरॉइड कमी आहे का हेच तर पाहायचं असतं. रक्त घेण्याआधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. एक अपवाद लक्षात ठेवा: बायोटिनिडेजची (शरीराला बायोटिन वापरता यावं म्हणून लागणारं एन्झाइम) जन्मजात कमतरता असलेल्या मुलांना बायोटिन औषध म्हणून आयुष्यभर लागतं. फिट्स, अंगावर पुरळ, केस गळणं आणि कमी ऐकू येणं असं एकत्र दिसलं तर त्या तपासणीबद्दल विचारा.

आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलाला ऑटिझम आहे, बोलत नाही. ल्यूकोव्होरिनची इथे फार चर्चा आहे. भारतातून फोलिक अ‍ॅसिडच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या मागवल्या तर तेच ना?

तेच नाही. ल्यूकोव्होरिन म्हणजे फोलिनिक अ‍ॅसिड, कॅन्सरच्या उपचारात मेथोट्रेक्सेटसोबत पूर्वीपासून वापरलं जाणारं औषध. ते मेंदूपर्यंत वेगळ्या वाटेनेही पोहोचतं. साध्या फोलिक अ‍ॅसिडला ती वाट नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) मेंदूतल्या फोलेट-कमतरतेसाठी त्याच्या मान्यतेची पावलं उचलली. ऑटिझममध्ये, ४८ मुलांच्या बारा आठवड्यांच्या एका अभ्यासात, किलोमागे २ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ५० मिलिग्रॅम रोज दिल्यावर बोलण्यात प्लासिबोपेक्षा (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) जास्त सुधारणा दिसली. आशा आहे, पण अभ्यास लहान आहे. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: फोलेट रिसेप्टरच्या अँटिबॉडी (फोलेट मेंदूत जाण्याची वाट अडवणारी रक्तातली प्रथिनं) तपासाव्यात का, चिडचिड किंवा झोपमोड झाली तर डोस कसा कमी करायचा, आणि फिट्सच्या औषधांशी काही अडचण आहे का. फेनिटॉइन हे फिट्सचं औषध चालू असताना फोलिक अ‍ॅसिड किंवा बी-६ चे मोठे डोस त्याची रक्तातली पातळी खाली आणू शकतात आणि थांबलेल्या फिट्स परत येऊ शकतात.

गावाकडे एवढ्या तपासण्या कुठे करायच्या? — एक वडील, जव्हार

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. ताईंना तारीख विचारून ठेवा. ते मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवू शकतात. मुंबईला येणं जमत असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था ऐकणं आणि बोलणं दोन्ही तपासते. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड न्या; व्हिटॅमिन ए चा शेवटचा डोस कधी झाला ते त्यावर दिसतं. आठवड्यातून दोनदा मिळणारं १ मिली लोहाचं सिरप खरोखर पाजलं जातं की बाटली फळीवर पडून आहे, तेही डॉक्टरांना खरं सांगा. आणि ते चहा-दुधासोबत देत असाल तर वेळ बदला, दोन्हींमुळे लोह कमी शोषलं जातं.